तिसऱ्या कपाआधी

"बस गं, आज कसली घाई तुला?" वर्कनेशने मला हाताला धरून खाली बसवलं. "अजून बियासुद्धा धुतल्या नाहीत."

रविवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. जमिनीवर नुकतंच कापून आणलेलं ओलं गवत पसरलं होतं, शेगडीत कोळसे फुलत होते आणि वर्कनेश कॉफीच्या हिरवट बिया पाण्यात चोळचोळून धूत होती. एरवी त्या वेळेला तिच्या घरात पाच-सहा शेजारणी पाय पसरून बसलेल्या असायच्या. त्या दिवशी कोणी नव्हतं. तिने फक्त मला हाक मारली होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दारामागे तिची मुलगी हिरुत बसली आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे वर्कनेशलाही ठाऊक होतं.

ही सत्त्याहत्तर सालची गोष्ट. आम्ही दोघं नवराबायको इथिओपियात सरकारी हायस्कुलात शिकवायला होतो. हे फिजिक्स शिकवायचे, मी गणित. त्या काळी आपल्याकडचे पुष्कळ मास्तर तिकडे जात. सावंतवाडीहून निघताना सासूबाईंनी दोन वर्षं पुरेल एवढं मेतकूट बांधून दिलं होतं, जसं काही त्या देशात माणसं जेवतच नाहीत. गाव होतं दूर डोंगरात, राजधानीपासून मोटारीने दोन दिवसांवर. आपल्याकडे करवंदाच्या जाळ्या असतात तशी तिथे रानात कॉफी माजलेली.

मला कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर जायफळ एवढंच माहीत. तीही पाहुणे आले तर. पहिल्या आठवड्यात वर्कनेशने कुंपणावरून हाक मारली आणि काळ्या मातीच्या सुरईसारख्या भांड्यातून बिनकानाचा एवढासा कप भरून दिला. त्यात साखरेऐवजी चिमूटभर मीठ! मी कशीबशी गिळली. दुसऱ्या दिवशी सूड म्हणून तिला माझी जायफळाची कॉफी पाजली. ती दोन घोट घेऊन म्हणाली, "छान आहे. कुठल्या दुखण्यावर देतात?" आमची मैत्री झाली ती तेव्हापासून.

ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, नवरा वारलेला, पदरात एकटी हिरुत. मी तिला एतीये म्हणायची. एतीये म्हणजे तिकडची ताई. बाजारात मला कोणी फसवू लागला की ही दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहायची. भाषा तिनेच शिकवली, शिव्यांसकट. आणि कॉफीची सगळी रीतही तिच्याच घरी शिकले. कॉफी तीन वेळा प्यायची. एकदा घातलेल्या पुडीवर पुन्हा पाणी घालून उकळायचं, मग पुन्हा एकदा. पहिला कप कडक, दुसरा बेताचा, तिसरा अगदी फिका. मला आधी वाटायचं, चोथ्याचं पाणी पाजून पाहुण्याला कशाला अडकवून ठेवतात? म्हणून मी दुसऱ्यालाच उठायची. तीही काही बोलायची नाही.

मग केतकी पोटात होती तेव्हाची गोष्ट. ह्यांना परीक्षांच्या कामावर दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं, पावसाने रस्ता बंद झाला आणि मी सातव्या महिन्यात एकटी राहिले. त्या दिवशी घरी जायचं जिवावर आलं होतं, म्हणून तिसऱ्या कपाला थांबले. तेव्हा पाहिलं की खोलीतला सूरच बदलतो. पहिल्याला पाऊसपाणी होतं, दुसऱ्याला गावच्या उखाळ्यापाखाळ्या, आणि तिसऱ्याला बायका पोटातलं बोलायला लागतात. एकीने दुसरीजवळ पेरायला बी मागितलं, तिने हो म्हणून मान हलवली, संपलं. मीही धीर केला. मोडक्यातोडक्या भाषेत म्हटलं, "एतीये, बाळंतपणाला तू माझ्याजवळ राहशील?"

तिने कप खाली ठेवला. "तिसऱ्याला मागितलंस. आता मला नाही म्हणता येतं का?" आणि हसली. "तिसरा कप आशीर्वादाचा. माझी आई सांगायची, ज्याच्यासोबत तो प्यायला त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. पण इंदू, म्हणून तो कोणाहीबरोबर पिऊ नये, हेही सांगायची."

केतकी तिच्या हातांत जन्माला आली. अकरा दिवस वर्कनेश माझ्या घरी जमिनीवर झोपली. हिरुत तेव्हा चौदाची होती. केतकीला फडक्याने पाठीला बांधून ती माझ्या टेबलाशी उभी राहून गणितं सोडवायची. फार हुशार पोर. मी कधी सोपं गणित दिलं तर तिला राग यायचा.

पण आम्ही आल्यापासूनच्या तीन वर्षांत देश उलटापालटा झाला होता. बादशहा गेला, लष्कराचं राज्य आलं. पहिलं वर्ष मुलं रस्त्यावर नाचली, मग त्याच मुलांना उचलायला लागले. वस्तीवस्तीत समित्या बसल्या, घरोघर झडत्या सुरू झाल्या. भिंतींवर कागद चिकटवणाऱ्या मुलांच्या याद्या झाल्या. माझ्या वर्गातले तीन बाक आठवड्यात रिकामे झाले. त्या तिघांबरोबर चौथी हिरुत होती, हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. गुरुवारपासून ती शाळेत आली नव्हती.

शुक्रवारी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याचे हात सारखे टेबलावरचे कागद सरळ करत होते. "मॅडम, परदेशी शिक्षकांनी शिकवावं आणि घरी जावं. कोणाच्या घरी फार जाऊ नये. तुमचा करार वाढवून घ्यायचाय ना? सोमवारी निघताय ना राजधानीला?"

निघतच होतो. तिथे कराराची कागदपत्रं करायची आणि मग दीड महिना भारतात. आमच्याकडे एक जुनी फोक्सवॅगन होती, आणि परदेशी शिक्षकांच्या गाडीला नाक्यावर सहसा कोणी अडवत नसे. बसमधली माणसं मात्र एकेक करून खाली उतरवत. हेही गावात सगळ्यांना माहीत होतं.

तर त्या रविवारी वर्कनेशने बिया भाजल्या, धुराचा तवा माझ्यासमोर धरला, मी रीतीप्रमाणे हाताने धूर ओढून घेतला. तिने खलबत्त्यात कुटलं, भांड्यात घातलं, उकळलं. पहिला कप माझ्या हातात दिला. तिचे हात नेहमीसारखे चालत होते. फक्त लाह्यांची टोपली माझ्यापुढे ठेवायला ती विसरली. असं कधी झालं नव्हतं.

"पाऊस या वर्षी लवकर येईल," ती म्हणाली.

"हो, वारा तसाच आहे."

"रस्ता खराब होण्याआधी निघताय ते बरं."

"हो."

मी कप रिकामा केला. तिने पाणी घातलं, दुसरं आधण ठेवलं. आम्ही दोघी त्या भांड्याकडे बघत बसलो. आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा बारीकसा आवाज झाला. तिनेही ऐकला, मीही ऐकला, आणि दोघींनी ऐकला नाही असं दाखवलं.

दुसरा कप भरताना ती म्हणाली, "दोन दिवसांचा रस्ता. केतकी रडेल गाडीत."

"झोपेल ती."

"तू पुढे बसणार. मागे तिच्याजवळ कोण?"

"माझ्या मांडीवरच घेईन."

"मिशनच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई गेल्या महिन्यात गेली," वर्कनेश म्हणाली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "पोरांना सांभाळायला बाई घेऊन गेली बरोबर. गाडीत मागे बसवून. कोणी काही विचारलं नाही."

मी कपात बघत राहिले. ती पुढे बोलली नाही. बोलणारही नव्हती, कारण अजून दुसराच कप चालू होता. मरणाची घाई असतानाही ती बाई आपली रीत सोडायला तयार नव्हती. दुसऱ्याला मागितलं असतं तर मी हो-नाही करू शकले असते, ह्यांना विचारून सांगते म्हणू शकले असते. तिला ती पळवाट मला द्यायची नव्हती. तिसऱ्याला मी नाही म्हणणार नाही, एवढा तिचा माझ्यावर विश्वास होता.

तिने तांब्या उचलला आणि तिसऱ्यांदा भांड्यात पाणी घातलं.

मी उभी राहिले.

"एतीये, मी निघते. दूध ठेवलंय शेगडीवर, उतू जाईल."

बोलले आणि माझं मलाच कळलं. आमच्याकडे दूध यायचं ते वर्कनेशच्या गायीचं. त्या सकाळी तिनेच कुंपणावरून सांगितलं होतं की रात्री वासरू सुटलं, सगळं पिऊन बसलं, आज दूध नाही. माझ्या घरात दुधाचा थेंब नव्हता, आणि हे त्या गावात एका माणसाला नक्की ठाऊक होतं.

ती भांड्याच्या मानेवर हात ठेवून तशीच बसली होती. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मी खाली बसले असते, आजही मला तसं वाटतं. पण ती म्हणाली, "जा मग. उतू जाईल."

कुंपणाच्या फाटकातून मी जवळजवळ पळतच आले. हे गाडीचं टपावरचं सामान दोरीने आवळत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "विचारलंन?"

"नाही."

"बरं झालं."

आदल्या दिवशी आमचं बोलणं झालं होतं. मी म्हटलं होतं, "अहो, तिने मागितलं तर मला नाही म्हणता येणार नाही. केतकीच्या वेळी तिने काय केलंय ते विसरलात?" भित्रे नव्हते हे. पण त्यांचे हातही त्या दिवशी हेडमास्तरांसारखे काहीतरी सरळ करत होते. मग म्हणाले, "विसरलो नाही. पण केतकीही गाडीत असणार आहे. पकडलं तर तिला कुठे ठेवतील, सांग. नाही म्हणता येणार नाही ना? मग तिला विचारू देऊ नकोस." किती सोपं होतं. त्यांनी वाट दाखवली आणि मी त्या वाटेने गेले. पुढे आयुष्यभर आम्ही दोघांनी हे वाक्य एकमेकांसमोर उच्चारलं नाही.

सोमवारी सकाळी निघालो. वर्कनेशच्या घराचं दार बंद होतं. गावापासून तासाभरावर पहिला नाका लागला. दोन शिपाई, एक आडवा बांबू. बसमधली माणसं रस्त्याच्या कडेला रांगेत उभी होती, बायकांची गाठोडी सोडून धुळीत पसरली होती. आमच्या गाडीशी एक शिपाई आला. विशीचाही नसेल. त्याने ह्यांच्या पासाकडे नजर टाकली, मग वाकून आत बघितलं. मागच्या सीटवर एक उशी होती आणि भेट द्यायला घेतलेल्या कॉफीच्या दोन पिशव्या. केतकी माझ्या मांडीवर होती. तिने त्याच्याकडे बघून हात हलवला. तो हसला, खिडकीतून हात घालून त्याने तिचा गाल ओढला.

"एवढं लहान मूल," तो मला म्हणाला, "आणि बरोबर सांभाळायला बाई नाही घेतलीत?"

हे घाईघाईने हसले. "नाही."

"घ्यायची ना. जागा आहे की."

त्याने बांबू वर केला. आम्ही गेलो. पुढे दोन दिवसांत आणखी पाच नाके लागले. पाचही ठिकाणी आम्हाला हात हलवून जाऊ दिलं. प्रत्येक वेळी हे म्हणायचे, "आज नशीब बरं आहे," आणि मी खिडकीतून बाहेर बघायची.

दीड महिन्याने परत आलो. काय झालं ते फाटक उघडायच्या आधीच कळलं. वर्कनेशने डोकं भादरलं होतं, तिकडे पोटचं माणूस गेलं की बायका भादरतात तसं. आम्ही गेल्यावर तीन दिवसांनी हिरुत कॉफीची पोती नेणाऱ्या ट्रकमधून निघाली होती, पोत्यांच्या मधे बसून. त्याच पहिल्या नाक्यावर शिपायांनी पोत्यांमध्ये लोखंडी सळया खुपसल्या. आठवड्याने वर्कनेशला समितीच्या कचेरीत बोलावलं आणि हिरुतचे कपडे हातात दिले. बाकी काही दिलं नाही. मोठ्याने रडायचीही सोय नव्हती. रडणं रस्त्यावर ऐकू गेलं तर समितीची माणसं दाराशी येत.

मी भेटायला गेले. ह्यांनी नको म्हटलं, तरी गेले. खोलीत सात-आठ बायका जमिनीवर बसल्या होत्या. गवत पसरलं नव्हतं. पण कॉफी होती, शोकाच्या घरातही ती लागतेच. मी वर्कनेशच्या गळ्यात पडले. तिने पाठीवर हात ठेवला, बाजूला सरकून जागा करून दिली, कप भरून दिला. मला वाटलं, कोणी काही बोलणार नाही. पण अस्कालेच नावाची एक म्हातारी होती. केतकीच्या वेळी पाणी तापवायला तीच आली होती. तिने माझ्याकडे हनुवटी केली आणि वर्कनेशला विचारलं, "हिची मोटार तर त्याच सोमवारी गेली. हिला विचारलं नाहीस?"

"विचारणार होते."

"मग?"

"ही तिसऱ्याला थांबली नाही."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. अस्कालेच म्हातारी, पण कान तिखट. "थांबली नाही म्हणजे? तुझ्या घरी एवढी वर्षं येते. बाळंतपण तिसऱ्यालाच मागितलं होतं ना हिने?"

वर्कनेशने मान वर केली. रडून डोळे सुजले होते, पण नजर कोरडी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिने मला वेळ दिला. बाईने मला चांगला, पुरेसा वेळ दिला की मी काहीतरी बोलावं. मी बोलले नाही. मग ती म्हणाली, "परकी आहे ती. तिला आपली रीत कशी कळणार?"

अस्कालेच माझ्याकडे वळली. "खरं का गं? तुला ठाऊक नव्हतं?"

त्यांची भाषा मी तेव्हा त्यांच्यासारखीच बोलत होते. बाजारात लोक मागे वळून बघायचे, इतकी. मला खरं सांगता आलं असतं. खरं सांगून वर्कनेशच्या पायांवर डोकं ठेवता आलं असतं. खोलीत सात-आठ बायका होत्या, समितीत कोणाची कोणाशी ओळख आहे कोणाला माहीत, असं काहीतरी मी त्या क्षणी मनाशी म्हटलं असेन. आता सगळं आठवतं, पण ते तेवढं आठवत नाही.

"नाही," मी म्हटलं. "मला ठाऊक नव्हतं."

म्हातारीने सुस्कारा टाकला. बाकीच्या बायकांनी माझी कीव केली. एकीने तर माझा हात हातात घेतला. वर्कनेश खाली बघून पुढचा कप भरायला लागली.

करार वाढला होता. त्यानंतर दोन वर्षं आम्ही त्याच कुंपणाला राहिलो. कॉफीच्या वेळेला ती मला हाक मारायची, एक दिवस चुकवला नाही. मीही जायची. ती केतकीला मांडीवर घ्यायची, पावसाचं बोलायची, गावातलं सांगायची. आणि दुसरा कप संपला की स्वतःच म्हणायची, "ऊठ इंदू, तुला घरी काम असेल."

आणि मी उठायची.